भूगोलाचे प्राध्यापक जंगलात काय करतात?

विद्यापीठाच्या यादीत एखाद्या भूगोलाच्या प्राध्यापकांची माहिती वाचायला घ्या. पदवी एका विषयात, पदव्युत्तर शिक्षण दुसऱ्या, पीएच.डी. तिसऱ्याच देशात. खाली संशोधनाचे विषय: जैवभूगोल, वृक्षवलयं, रिमोट सेन्सिंग, कार्बन चक्र, जमीन-वापरातले बदल, वनहक्क. वाचणाऱ्याला वाटतं, यांचं अजून काही एक ठरलेलं दिसत नाही. शिवाय भूगोल म्हटलं की आपल्याला आठवतात त्या राजधान्या, नद्यांचे उगम आणि परीक्षेत भरायचे कोरे नकाशे. त्यात जंगल आणि हवामानबदल कुठून आले?

वरून ही ठिगळांची गोधडी दिसते, पण तिच्यातून ओवलेला दोरा एकच आहे. इथे मोजलेलं तिथे लागू पडतं का? एका झाडावरून डोंगराबद्दल, डोंगरावरून खंडाबद्दल काही सांगता येतं का, आणि सांगताना आपण कुठे घसरतो? जंगल आणि हवामान यांवर काम करणाऱ्या भूगोलतज्ज्ञाचं सगळं शिक्षण या प्रश्नाभोवती फिरत असतं. वेगवेगळ्या पदव्या म्हणजे तो प्रश्न सोडवायला वेळोवेळी गोळा केलेली हत्यारं.

सुरुवात शाळेतल्याच एका नकाशापासून करू. जगाचे हवामान विभाग रंगीत पट्ट्यांनी दाखवणारा नकाशा बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यामागे व्लादिमीर क्योपेन यांचं वर्गीकरण आहे. १८४६ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेल्या क्योपेन यांनी १८७० मध्ये लाइपझिगला डॉक्टरेट मिळवली. विषय होता उष्णता आणि वनस्पतींची वाढ. पुढे ते हवामानशास्त्रात गेले, पण झाडं त्यांच्या डोक्यातून गेली नाहीत. जगाच्या नकाशावर हवामानाच्या सीमा आखायच्या, तर रेघ नेमकी कुठे ओढायची? क्योपेन यांनी ते वनस्पतींनाच विचारलं. वर्षातल्या सर्वांत उबदार महिन्याची सरासरी १० अंश सेल्सिअसच्या खाली राहिली की साधारण तिथे वृक्ष संपतात, म्हणून ती एक सीमा. सर्वांत थंड महिन्याची सरासरीही १८ अंशांच्या वर असेल तर तो उष्ण प्रदेश, ही दुसरी. म्हणजे ज्याला आपण हवामानाचा नकाशा म्हणतो, तो बऱ्याच अंशी झाडाझुडपांकडे बघून काढलेला आहे. (खंड सरकतात असं म्हणून सगळ्यांची टीका ओढवून घेणारे आल्फ्रेड वेगेनर हे याच क्योपेन यांचे जावई. त्या घरातल्या गप्पा ऐकायला मिळाल्या असत्या तर मजा आली असती.) तेव्हा भूगोल विभागात जंगल आणि हवामान एकाच खोलीत बसलेले दिसले तर नवल नको. ते तिथे शंभराहून अधिक वर्षं बसलेले आहेत.

प्राध्यापकांच्या माहितीत ‘डेंड्रोक्लायमॅटॉलॉजी’ असा शब्द असेल तर दचकू नका. झाडाच्या खोडातली वलयं वाचून जुनं हवामान शोधणं, एवढाच त्याचा अर्थ. हे शास्त्र उभं केलं अँड्र्यू एलिकॉट डग्लस यांनी, आणि ते होते खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचं चक्र पृथ्वीवर कुठे उमटलंय का, हे शोधताना ते अ‍ॅरिझोनातल्या पाइन वृक्षांपर्यंत पोचले. त्या कोरड्या मुलखात पाऊस चांगला झाला की वलय रुंद, अवर्षण पडलं की अरुंद. १९३७ मध्ये त्यांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठात वृक्षवलयांची प्रयोगशाळा सुरू केली, ती आजही चालू आहे.

वलयं मोजली की वय कळलं, असं आपल्याला वाटतं. खरं काम मोजण्यात नाही, जुळवण्यात आहे. फार वाईट वर्षी झाड खोडाच्या काही भागात वलय तयारच करत नाही. कधी एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून एका झाडावर कुणी विसंबत नाही. एकाच परिसरातल्या अनेक झाडांमधला रुंद-अरुंदचा क्रम शेजारी शेजारी लावून बघतात. दुकानातल्या वस्तूवरच्या बारकोडसारखा तो दिसतो. दोन अरुंद, एक रुंद, तीन मध्यम, पुन्हा एक अगदी बारीक, हा ठसा सगळ्यांत एकाच ठिकाणी जुळला की वर्ष पक्कं झालं. मग जिवंत झाडाच्या आतल्या वलयांशी जुन्या घराच्या तुळईची बाहेरची वलयं जुळवायची, आणि तिच्या आतल्या वलयांशी त्याहून जुन्या लाकडाची. अशी साखळी मागे मागे नेता येते.

त्यासाठी झाड पाडावं लागत नाही. पोकळ गिरमिटासारखं एक अवजार असतं. ते हाताने फिरवत खोडात घालायचं आणि पेन्सिलीहून बारीक लाकडाची कांडी बाहेर काढायची.

नेहमी तसंच होतं असं मात्र नाही. या विषयातली सर्वांत बोचरी गोष्ट भूगोलाच्याच एका विद्यार्थ्याची आहे. १९६४ मध्ये डोनाल्ड करी हे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे तरुण संशोधक नेवाडातल्या व्हीलर शिखरावर काम करत होते. गेल्या काही शतकांतल्या थंड काळाचा, म्हणजे ज्याला ‘छोटं हिमयुग’ म्हणतात त्याचा माग त्यांना काढायचा होता. हिमनदीने मागे टाकलेल्या दगडांच्या राशींवर ब्रिसलकोन पाइनची म्हातारी झाडं उभी असतात. झाडाचं वय कळलं की खालची रास निदान तेवढी जुनी आहे हे कळतं. साधा आणि चांगला तर्क आहे. एका झाडातून मात्र गिरमिटाने नीट कांडी निघेना. गिरमिट मोडलं, की ते आखूड पडलं, की करींना पूर्ण छेदच हवा होता, याच्या वेगवेगळ्या हकिगती सांगतात. त्यांनी वनखात्याची परवानगी घेतली आणि ऑगस्टमध्ये झाड कापलं गेलं. नंतर त्यांनी वलयं मोजली: ४,८४४. पुढे दुसऱ्या संशोधकाने पुन्हा मोजली तेव्हा ४,८६२ भरली. तोवर वय मोजलेल्या झाडांत इतकं म्हातारं झाड कुणाला माहीत नव्हतं. करींच्या वहीत त्याचा क्रमांक होता डब्ल्यूपीएन-११४. डोंगर चढणारे मात्र त्याला प्रोमिथियस म्हणत.

करी पुढे युटा विद्यापीठात भूगोलाचे प्राध्यापक झाले. त्यांचं बरंचसं नाव आहे ते बोनव्हिल नावाच्या हिमयुगातल्या आटलेल्या सरोवरावरच्या कामासाठी. मिठागरासारख्या सपाट, जवळपास झाड नसलेल्या प्रदेशाचा तो अभ्यास. त्यात योगायोग किती आणि ठरवून किती, यावर मी बोलणार नाही. पण कुणाच्याही ‘शैक्षणिक पार्श्वभूमी’च्या दोन ओळींत काय काय दडलेलं असू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

वलयांची एक मोठी अडचण म्हणजे ती उमटायला वर्षात एक थांबा लागतो. कडक हिवाळा किंवा कोरडा ऋतू. विषुववृत्ताजवळच्या सदाहरित जंगलात बारा महिने ओल असते, तिथल्या कित्येक झाडांत स्पष्ट वलयं दिसतच नाहीत. साग हा सन्माननीय अपवाद. तो पानं झाडतो आणि वलय उमटवतो. जावा बेटावरच्या सागाच्या वलयांवरून बर्लागे यांनी १९३१ मध्ये थेट सोळाव्या शतकापर्यंत जाणारी मालिका प्रसिद्ध केली होती. जिथे वलयंही नाहीत तिथे तळ्याच्या तळाचा गाळ कामी येतो. परागकणांचं कवच भलतं टिकाऊ असतं. गाळाचा नळकांडीसारखा उभा नमुना काढून प्रत्येक थरात कोणत्या झाडांचे पराग किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये ही पद्धत मांडली. परागांवर पीएच.डी. केलेल्या माणसाची तीन-चार वर्षं या मोजणीत गेली आहेत, असं समजायला हरकत नाही.

आता वर्तमानात येऊ. जंगलात कार्बन किती आहे, हा प्रश्न आज सरकारं, कंपन्या, संस्था सगळेच विचारतात. उत्तर देणाऱ्याच्या हातात असते एक मोजपट्टी. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीशी, खोडाचा घेर मोजायचा. समजा घेर १५७ सेंटिमीटर आला. ३.१४ ने भागलं की व्यास ५० सेंटिमीटर. झाडाची उंची २५ मीटर आणि लाकूड मध्यम जड धरू. या तीन आकड्यांवरून झाडाचं सुकं वजन काढायची सूत्रं आहेत. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी सध्या जास्त वापरलं जाणारं सूत्र २०१४ मध्ये जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांनी दिलं. त्यात आपलं झाड घातलं तर जमिनीवरचं सुकं वजन दोन टनांच्या आसपास येतं. त्यातला कार्बन निम्म्याहून थोडा कमी, म्हणजे ९०० किलोच्या वर. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सांगायचं तर त्याला ३.६७ ने गुणायचं: सुमारे ३.४ टन.

हे सूत्र आलं कुठून? वेगवेगळ्या ५८ ठिकाणी ४,००४ झाडं खरोखर पाडून, तुकडे करून वजन केलेली होती, त्यांवरून. आणि ते आपण लावतोय लाखो जंगलांतल्या अब्जावधी झाडांना. पोकळ खोड, वाकडं झाड, वेलींनी मोडलेला शेंडा, यांचं काय? एका झाडाचा अंदाज बराच चुकू शकतो. हजारो झाडांची बेरीज केली की उणे-अधिक चुका एकमेकींना खाऊन टाकतात, पण सूत्रच त्या प्रदेशाला लागू नसेल तर सगळ्या चुका एकाच बाजूला जातात. सुरुवातीला म्हटलेला दोरा तो हाच. भूगोलतज्ज्ञाची खरी कमाई ही आहे की आकडा हातात आल्यावर तो आधी विचारतो, हे सूत्र कुठल्या झाडांवरून आलं?

झाडं एकेक करून न मोजता जंगलाचा श्वासही मोजता येतो. शेंड्यांच्या वर जाणारा मनोरा उभारून त्यावरचं उपकरण वारा वर चाललाय की खाली आणि त्यात कार्बन डायऑक्साइड किती, हे सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतं. खाली जाणाऱ्या हवेत तो जास्त आणि वर येणाऱ्या हवेत कमी असेल, तर जंगल तो गिळतंय. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमधला मनोरा तीसहून अधिक वर्षं हे करतोय. सबंध उत्तर गोलार्धाचा श्वास बघायचा असेल तर हवाईतल्या मौना लोआवरचा आलेख काढा. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये तिथे मोजणी सुरू केली तेव्हा प्रमाण दहा लाखांत ३१३ भाग होतं, आता ते ४२० च्या पुढे आहे. ती चढती रेघ करवतीसारखी दातेरी दिसते, कारण दर उन्हाळ्यात उत्तरेकडची झाडं पालवून कार्बन ओढतात आणि हिवाळ्यात तो परत सुटतो.

मग येतो उपग्रह, आणि प्राध्यापकांच्या माहितीतला ‘रिमोट सेन्सिंग’ हा शब्द. पहिला लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ मध्ये सोडला गेला. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींतल्या फरकावरून खाली हिरवळ किती आहे ते कळतं. गंमत अशी की दाट जंगलात हे माप लवकर पोट भरल्यासारखं थांबतं. जंगल जरा दाट असो की अतिदाट, वरून रंग तोच. म्हणून लेझरचा उपयोग सुरू झाला. अवकाश स्थानकावर २०१८ च्या अखेरीस बसवायला पाठवलेलं ‘जेडाय’ हे उपकरण लेझरचे झोत खाली सोडतं. शेंड्यावरून परतलेला आणि जमिनीवरून परतलेला प्रकाश यांच्यातल्या वेळेवरून उंची मिळते. त्या मोहिमेचे प्रमुख राल्फ डुबाया हे मेरीलँड विद्यापीठात भूगोलाचे प्राध्यापक आहेत. त्याच विभागातल्या मॅथ्यू हॅन्सन यांच्या गटाने २०१३ मध्ये लँडसॅटची साडेसहा लाख चित्रं पालथी घालून २००० ते २०१२ या काळात जगात कुठे वृक्षाच्छादन गेलं आणि कुठे आलं त्याचा नकाशा केला. प्रत्येक चौकोन ३० मीटर बाजूचा. गेलं ते २३ लाख चौरस किलोमीटर, आलं ते ८ लाख.

इथे शब्द नीट वाचायला हवेत: ‘वृक्षाच्छादन’, ‘जंगल’ नव्हे. उपग्रहाला पाच मीटरहून उंच काहीतरी पालवलेलं दिसतं, ते जंगल आहे की तेलताडाची लागवड हे तो आपणहून सांगत नाही. उलट संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची व्याख्या बघा. अर्ध्या हेक्टरहून मोठी जागा, पाच मीटरहून उंच झाडं, दहा टक्क्यांहून जास्त छत्र. पण त्यात रबराची लागवड धरतात, तेलताडाची धरत नाहीत. आणि नुकतंच तोडलेलं पण पुन्हा वाढू द्यायचं असलेलं उघडं रानही जंगलातच मोजतात, कारण तिथे मोजायचा असतो जमिनीचा वापर. या व्याख्येने २०२० मध्ये जगात ४०६ कोटी हेक्टर जंगल होतं, जमिनीच्या ३१ टक्के. तेव्हा एका अहवालात जंगल वाढलं आणि दुसऱ्यात घटलं असं दिसलं तर कुणी खोटं बोलतंय असं लगेच धरू नका. दोघांनी ‘जंगल’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरलेला असतो. अर्थात या फटीचा फायदा घेणारेही असतात, ते वेगळं.

एवढं सगळं मोजूनही ‘झाडं लावा, पृथ्वी थंड करा’ हे वाक्य सरसकट खरं ठरत नाही, आणि इथे भूगोल सर्वांत जास्त कामाला येतो. अ‍ॅमेझॉनमध्ये एनेआस सालाती यांनी १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातला जड ऑक्सिजन, म्हणजे नेहमीच्या ऑक्सिजनहून किंचित जड अणूंचा प्रकार, तपासला. अटलांटिकवरून आलेले ढग आत जाता जाता पाऊस पाडतात. जड अणू आधी गळतात, म्हणून आतल्या भागातल्या पावसात ते फारच कमी उरायला हवे होते. तितके कमी झालेले दिसले नाहीत. अर्थ असा की पडलेलं पाणी झाडं मुळांनी ओढून पानांतून परत हवेत सोडत होती आणि तेच पुन्हा पडत होतं. तिथलं जंगल कार्बन साठवतंच, शिवाय पाऊसही फिरवतं. उलट उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात मोकळी जमीन हिवाळ्यात पांढरी राहते आणि ऊन परत फेकते. तिथे गडद सूचिपर्णी झाडं लावली तर ती ऊन शोषून घेतात. गोविंदस्वामी बाला आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये संगणकावरच्या प्रतिरूपात जगभरची जंगलं एकेका पट्ट्यातून काढून पाहिली. उष्ण पट्ट्यातली काढली तर पृथ्वी तापली, उत्तरेकडची काढली तर उलट थंड झाली. यावरून उत्तरेकडची जंगलं तोडा असं कुणीही म्हणत नाही, स्वतः संशोधकही नाहीत. जंगल हे काही नुसतं तापमान सांभाळायचं यंत्र नाही. पण झाड कुठे उभं आहे यावर त्याचा हिशेब बदलतो, हे मात्र पक्कं झालं.

राहिली माणसं. काही प्राध्यापकांच्या माहितीत उपग्रहाशेजारीच ‘मुलाखती’ आणि ‘दफ्तरांचा अभ्यास’ असतो, आणि विज्ञानाच्या वाटेने आलेल्यांना तो भाग पुचाट वाटतो. त्यांना पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातल्या किसिदुगूची गोष्ट सांगावी. गवताळ प्रदेशात गावांभोवती दाट झाडीची बेटं होती. वसाहतीच्या काळापासून अधिकारी धरून चालले की पूर्वी इथे सलग जंगल असणार, ते लोकांनी तोडलं आणि ही उरलीसुरली बेटं. धोरणं त्यावर बेतली, दंड झाले. जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच यांनी १९९० च्या दशकात १९५२ ची हवाई छायाचित्रं नव्या उपग्रह चित्रांशेजारी ठेवली, म्हाताऱ्या माणसांशी बोलले, जुने कागद वाचले. बऱ्याच ठिकाणी झाडी वाढलेली निघाली. गवतातून बेटं उभी केली होती ती गावकऱ्यांनीच: गुरं चारून, आग आटोक्यात ठेवून, माती कसदार करून. नकाशा चुकलेला नव्हता, तो उलटा वाचला गेला होता.

तर आता ती माहिती पुन्हा वाचा. पदवीचा विषय मनावर घेऊ नका. डग्लस खगोलातले, सालाती शेतीशास्त्रातले. पीएच.डी.चं शीर्षक बघा, त्यात बहुधा एका जागेचं नाव असतं आणि माणसाची नजर तिथे घडलेली असते. मग बघा, त्यानंतर ते कुठल्या आकाराकडे गेले: झाडाकडून खंडाकडे, की उपग्रहाकडून गावाकडे. शोधनिबंधांवर वीस-तीस नावं असतील तर त्यात वावगं काही नाही, कारण पन्नास ठिकाणचे आकडे एकट्याला गोळा करता येत नाहीत. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय मंडळाच्या, अहवालाचे लेखक असा उल्लेख असेल तर ते काम बिनपगारी आहे हे लक्षात ठेवा.

शेवटी बहुतेकदा एक ओळ असते: ‘विद्यार्थी हवेत’. निवड झालेल्याला प्रोग्रॅमिंग येणं अपेक्षित असतं, संख्याशास्त्रही, आणि चिखलात दिवसभर चालणंही. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरांचा एक भूखंड आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, साधारण दर पाच वर्षांनी, एक सेंटिमीटरहून जाड असं प्रत्येक खोड मोजलं जातं. अशी दोन लाखांहून अधिक खोडं. जगभर अशा भूखंडांत नव्या माणसाला पहिल्या दिवशी मोजपट्टी देतात आणि खुणेची रेघ दाखवतात. गेल्या वेळी जिथे मोजलं, नेमकं तिथेच मोजायचं. गाठ असेल तर तिच्या वर, आणि तसं लिहून ठेवायचं. झाडाला क्रमांकाचा पत्रा लावलेला असतो. झाड मेलं तर नोंद करायची, पण तो क्रमांक दुसऱ्या झाडाला द्यायचा नाही.